पंपाच्या इंजिनाची नाव

बख्शी का तालाबच्या पुढे गोमती एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात काही छोटी गावं आहेत. एरवी तिथे बैलगाडी जाते, सायकल जाते. पण भादोंत, म्हणजे भाद्रपदात, नदी फुगली की मागचा नालाही भरतो आणि ती गावं बेट होऊन बसतात. त्यांच्यासाठी असलेला सरकारी दवाखाना अलीकडच्या उंचवट्यावर होता, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं मी तिथे डॉक्टर होते.

मी नागपूरची. नवरा लखनौत एका सरकारी वर्कशॉपमध्ये फोरमन, म्हणून मीही इकडचीच नोकरी धरली. घर तेलीबागेत, शहराच्या पार दक्षिणेला, आणि दवाखाना पार उत्तरेला. आठवडाभर मी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. मुलगी शाळेत होती. मी मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची.

त्या वर्षी पाणी चढलेलं असताना एका दुपारी पलीकडच्या गावातून निरोप आला. पहिलटकरीण, कालपासून अडलेली. गावच्या वल्ह्याच्या नावेतून मी गेले. खाटेवर ती पडली होती, वीसएक वर्षांची असेल. बाळ आडवं होतं आणि त्याचा हात बाहेर आला होता. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. ऑपरेशन पाहिजे होतं आणि ते शहरात होतं. आम्ही खाटेसकट तिला नावेत घेतलं. बरोबर तिची सासू, दोन वल्हेकरी आणि मी.

निम्म्या पाण्यात आल्यावर ओढ लागली. वल्हेकरी छातीचा भाता होईतो वल्हवत होते, आणि तरी आमचा घाट हळूहळू मागे सरकत होता. मला तो दिसत होता. दवाखान्याची जीप, तिच्याजवळ उभा ड्रायव्हर, त्याच्या हातातला लाल गमछा. ती बाई नदीच्या बाजूला तोंड करून पडली होती, तिला यातलं काही दिसत नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं होतं आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "कितना और है?"

"बस, आ गया," मी म्हणत होते.

आम्ही वाहत वाहत खूप खाली गेलो आणि बाभळींच्या रांगेत अडकलो. तिथून काठ गाठेपर्यंत तिची पकड सैल झाली होती. मी नाडी शोधत राहिले. सासूनं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेच्या डोक्यावरचा पदर नीट केला. तिला उतरवल्यावर ती म्हातारी परत नावेत चढली आणि ओंजळीनं पाणी घेऊन नावेतलं रक्त धुऊ लागली. वल्हेकरी म्हणाला, "अम्मा, रहने दो, हम धो लेंगे." ती थांबली नाही. शेवटची फळी स्वच्छ होईपर्यंत ती धूत होती.

त्या शनिवारी घरी गेले आणि नवऱ्याला म्हणाले, "अहो, मला इंजिनाची नाव पाहिजे."

खात्याकडे मी आधीच मागून पाहिली होती. मग पुन्हा मागितली, मग स्वतः जाऊन बसले. साहेब चांगला होता, त्यानं चहाही पाजला. म्हणाला, बाढ़ का सीज़न तो निकल गया, अब अगले साल देखेंगे. पुढच्या वर्षीही तो हेच म्हणणार, हे मला त्याच्या खुर्चीसमोर बसल्या बसल्या कळलं.

लखनौत आमची, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं होती. कोणी रेल्वेत, कोणी टेलिफोनमध्ये, कोणी पोस्टात. रविवारी कोणाच्या तरी व्हरांड्यात वंदना व्हायची, आणि एक छोटा विहार बांधायचा म्हणून सगळे वर्षानुवर्षं काही ना काही बाजूला टाकत होते. त्यांच्यापुढे मी त्या बाईची हकीकत सांगितली. मग रेल्वेतून रिटायर झालेले, आम्ही ज्यांना काका म्हणायचो ते म्हणाले, "विहार थोडा थांबेल. नाव घ्या. पण एक सांगतो, पोरी. हे एकदाच होईल. दुसऱ्यांदा मागायला आपल्यापाशी काही उरणार नाही. नाव बंद पडून काठाला सडली, तर तुझी पत जाईल आणि आमचीही."

नवी नाव आमच्या आवाक्यातली नव्हती. वापरलेली शोधायची होती, आणि पुढच्या आषाढाच्या आत.

पहिली नाव शहरातच सापडली. नदीकाठी एक जुनी कोठी होती, तिच्या मालकाला बदकांच्या शिकारीचा शौक होता. आता गुडघे गेले होते म्हणून विकत होता. नाव पांढरी, गुळगुळीत, हलकी. मागे विलायती इंजिन. त्यानं दोरी एकदा ओढली आणि इंजिन लगेच सुरू झालं. आम्ही प्रवाहाच्या उलट दिशेनं गेलो. पाणी दोन्ही बाजूंना उडत होतं आणि घाट भराभर मागे पडत होते. मी गच्च मूठ आवळून बसले होते. त्या दिवशी ही असती तर, एवढंच डोक्यात होतं.

नवऱ्यानं मालकाला विचारलं, "इसके पार्ट कहाँ मिलते हैं?"

"जनाब, यह ख़राब ही नहीं होता," मालक म्हणाला.

नवऱ्यानं इंजिनातलं एक रबरी चाक मागून घेतलं. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं ते चाक कडक होऊन त्याची एक पाकळी तुटत आली होती. ते खिशात घालून तो लाटूश रोडवर दुकानामागून दुकान फिरला. संध्याकाळी घरी आला तो घामानं थबथबलेला. दुकानदार चाक हातात घेत, उलटं-सुलटं करत आणि परत देत. एकानं मुंबईला लिहायला सांगितलं. एकानं विचारलं, बाहेरच्या देशातून कोणी नातेवाईक येणार आहे का.

"नाव सुरेख आहे," तो म्हणाला. "पण हिचं काही बिघडलं तर लखनौत हात लावणारा माणूस नाही आणि लावायला पार्ट नाही. ही घ्यायची नाही."

"मग काय घ्यायचं? सगळीकडे तर पाहिलं! एप्रिल लागला."

"अजून शोधू."

"तुम्हाला नुसतं इंजिन दिसतं," मी म्हणाले. "मला ती बाई दिसते. तिचं मनगट तुमच्या हातात नव्हतं."

मुलगी जेवता जेवता उठून आत गेली. नवऱ्यानं तिचं ताट झाकून ठेवलं.

"मलाही तीच दिसते," तो म्हणाला. "म्हणून तर नाही म्हणतो. मधोमध हे बंद पडलं तर नावेत आणखी कोणाची तरी सून असेल. आणि तू असशील."

मला ते पटलं नाही. आम्ही कितीतरी दिवस कामापुरतं बोललो. मी मनाशी ठरवत होते की काकांना सांगून तीच नाव घ्यायची. तेवढ्यात कळलं की कोठीवाल्यानं ती कुणा ठेकेदाराला विकलीसुद्धा. त्या दिवशी दवाखान्यात गरोदर बायका तपासताना मला त्यांच्या तारखा विचारवेनात. श्रावण, भादों, भादों, कुवार. प्रत्येकीची तारीख पाण्यात पडत होती.

दुसरी नाव शहराच्या खालच्या अंगाला होती. तिच्यात जुन्या गाडीचं इंजिन बसवलेलं, आणि ते चांगलं चालत होतं. नाव नुकतीच निळ्या रंगानं रंगवलेली होती. नवऱ्यानं खिशातला पेचकस काढून तळाच्या एका फळीवर दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. मालक म्हणाला, "अरे साहब, सब ऐसे दबाओगे तो कौन सी नाव बचेगी?" आम्ही परत निघालो. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. नवऱ्यानं माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

तिसरीची खबर त्याच्या वर्कशॉपमधल्या एकानं आणली. रायबरेलीच्या पलीकडे, गंगेच्या एका घाटावर. वाळवंटातली खरबुजं आणि काकड्या अलीकडे आणणारी लाकडी नाव होती. चालवणारा मल्लाह वारला होता आणि त्याची बायको ती विकत होती. मे महिन्याच्या उन्हात आम्ही तिथे पोचलो. नाव पाहून माझा हिरमोड झाला. काळी, डांबर फासलेली, जड. मधोमध लाकडी चौकटीवर बसवलेलं डिझेलचं इंजिन, शेतात पाणी खेचायला असतं तसलंच. अंगात रग असलेल्या माणसानं हँडल फिरवलं तर सुरू होणारं.

"हे?" मी म्हणाले.

नवरा हसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "हे इंजिन तुझ्या त्या गावांतल्या शेताशेतात आहे," तो म्हणाला. "बख्शी का तालाबच्या बाजारातसुद्धा याचे पार्ट टांगलेले असतात."

मल्लाहिणीच्या दिरानं हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच फेरीत धडधडू लागलं. पण नवऱ्यानं त्याआधीच इंजिनावर तळवा ठेवून पाहिला होता. ते गरम होतं. आम्ही यायच्या आधी त्यांनी ते चालवून ठेवलं होतं.

"कल सुबह फिर आएँगे," तो म्हणाला. "ठंडा चलाकर देखेंगे. आज कोई हाथ मत लगाना."

आम्ही जवळच्या धर्मशाळेत राहिलो. सकाळी इंजिन गार होतं. दिराला ते सुरू करायला बरंच झगडावं लागलं. एकदा हँडल उलटं फिरून त्याच्या कोपराला लागता लागता राहिलं. मग ते खोकलं, पांढरा धूर सोडत सुरू झालं. नवरा डोळे मिटून आवाज ऐकत होता. मग त्यानं नावेत माणसं आणि खरबुजाच्या पाट्या भरायला लावल्या आणि प्रवाहाविरुद्ध नाव न्यायला सांगितली. ऊन चढेपर्यंत ती न थांबता चालली. परत आल्यावर त्यानं तेल काढून बोटांवर चोळून पाहिलं, पाणी मिसळलंय का ते. फळ्या ठोकून पाहिल्या. नाव ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यापाशी पाणी झिरपत होतं. "हे बदलता येईल," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. आनंद झाला नव्हता. मी फार थकले होते.

मल्लाहीण इतका वेळ एका बाजूला बसून होती. तिनं मला विचारलं, "बहिनजी, का करिहौ एहिका?" हिचं काय करणार ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तौ ऊपर छाजन डरवाय लिहौ. जच्चा का घाम मा न लै जायौ." वर छप्पर घाल, बाळंतिणीला उन्हातून नेऊ नकोस. नाव ट्रकवर चढली तेव्हा ती तिथे थांबली नाही. पाठ फिरवून घरी गेली.

ट्रक रायबरेली रोडनं आला, म्हणजे आमच्या तेलीबागेवरूनच. बाजारात एका खाली लोंबलेल्या वायरीपाशी तो अडला आणि सगळी वस्ती जमा झाली. "का हो भैया, बाढ़ आवै वाली है का?" कोणीतरी ओरडलं. मुलगी गच्चीवरून हात हलवत होती.

नवऱ्यानं दांड्याचं काम करून घेतलं, छप्पर घालून घेतलं. दर रविवारी मला परत सोडायला तो दवाखान्याच्या घाटापर्यंत यायचा आणि इंजिन शिकवायचा. मी म्हटलं, नाववाला आहे की. तो म्हणाला, नाववाला आजारी पडेल, तू तर नावेत असशीलच. नाववाला म्हणजे त्या दिवशीचाच थोरला वल्हेकरी. तो इंजिनाजवळ नाखुशीनं जायचा. हँडल मात्र माझ्यापेक्षा चांगलं मारायचा. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर ती कशी काढायची, नट किती सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत वाट कशी पाहायची, हे सगळं मी शिकले. नवऱ्यानं एका डब्यात पट्टा, नोझल आणि गॅस्केट भरून ठेवलं.

पाणी त्या वर्षी लवकर चढलं. पहिल्या काही खेपा सुरळीत झाल्या, सर्पदंशाचा एक माणूसही वेळेवर पोचला. मग भादोंच्या सुरुवातीला, सकाळी, दिवस भरत आलेल्या एका बाईला झटके येतायत म्हणून बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा तिचं सगळं अंग सुजलेलं होतं, रक्तदाब भयंकर वाढलेला. इंजेक्शन दिलं आणि तिला नावेत घेतलं. तिच्या उशाला तिची आई बसली. 

पाण्यात थोडं अंतर कापलं असेल, इंजिनाचा आवाज फाटला. डिझेलचा फवारा नाववाल्याच्या तोंडावर उडाला आणि इंजिन बंद पडलं. डिझेलच्या पंपापासून, इंजिनात फवारा सोडणाऱ्या नोझलकडे जाणारी लोखंडी नळी तडकली होती. डब्यात सगळं होतं, तीच नव्हती. नवरा नंतर म्हणाला की ती जाईल हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

नाव वाहू लागली. मला समोर आमचा घाट दिसत होता, जीप दिसत होती, आणि तो मागे सरकत होता. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. नाववाल्यानं बांबू रोवून नाव आडवी केली, एका बुडालेल्या शिसवाच्या शेंड्याला दोर टाकला आणि आम्ही हिसका खाऊन थांबलो.

तिथून शेतातली एक पंपाची कोठरी दिसत होती. उंचवट्यावर होती, पाणी तिच्या दारात गुडघाभर आलेलं.

"उसमें इंजन होगा?" मी विचारलं.

"होइहै तौ," तो म्हणाला.

बांबूनं ढकलत आम्ही नाव तिथवर नेली. दार तारेनं बांधलेलं होतं, त्यानं ते उपटलं. आत लाकडी पाटावर इंजिन होतं. अर्धं पाण्यात, वरचं अर्धं कोरडं. आमच्यासारखंच. त्याची तीच नळी काढायला मी पाना घेऊन पाण्यात उतरले. पहिला नट सुटला. दुसरा गंजलेला होता. मी पान्यावर सगळं अंग टाकलं, हात सटकून बोटं सोलली. तेवढ्यात नावेतून तिच्या आईची किंकाळी आली. तिला पुन्हा झटका आला होता.

दोन्हीकडे मीच पाहिजे होते.

"करवट पे लिटाओ!" मी कोठरीतून ओरडले. "करवट पे! मुँह नीचे की तरफ़! पकड़े रहो, दबाओ मत!" आणि पुन्हा पान्यावर पडले. बाहेर ती आई रडत रडत मला विचारत होती, "अब का करी? अब का करी?" नट सुटला तेव्हा मला आधी कळलंच नाही, मी पाण्यात गुडघ्यांवर पडले होते.

नळी बसली. झटकाही ओसरला होता, पण तिचा श्वास घरघरत होता. मी तिच्या घशातला फेस पुसला, दुसरं इंजेक्शन दिलं, आणि इंजिनाकडे वळले. हवा काढायला हवी होती. बुडबुडे येतच राहिले. मला रडू येत होतं आणि त्या रडण्यातच मी बुडबुडे बघत होते. मग डिझेलची सलग धार आली. नट आवळून मी म्हटलं, "मारो!"

नाववाल्यानं हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. तो माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला, हाताला थुंकी लावली आणि सगळ्या ताकदीनं फिरवलं. इंजिन लागलं.

घाटावर जीप तयार होती. शहराच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत मी तिची हनुवटी वर धरून बसले होते. हातावरचं डिझेल जात नव्हतं, तिच्या गालावर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. बाई वाचेल म्हणाल्या. बाळ मात्र पोटातच गेलं होतं.

दोन दिवसांनी कोठरीचा मालक दवाखान्यात भांडायला आला. "डागदरनी जी, हमार पाइप?" नाववाल्यानं बख्शी का तालाबच्या बाजारातून, सायकलवाल्याच्या शेजारच्या दुकानातून, नवी नळी आणून त्याच्या हातात दिली. आमच्यासाठीही एक आणली. मालक नळी बघून शांत झाला, मग त्यानं विचारलं, "बिटिया बची?" ती नाव पुढे कित्येक वर्षं, वरच्या अंगाला पूल होईपर्यंत चालली. मधे तिचं इंजिन उघडून पुन्हा बसवावं लागलं, फळ्या बदलाव्या लागल्या. एक बाई आम्ही तिच्यातही गमावली, पण ती नाव थांबली म्हणून नाही. विहारही झाला, काका गेल्यानंतर.

ती वाचलेली बाई हॉस्पिटलातून सुटून आली तेव्हा पाणी अजून उतरलं नव्हतं. मी तिला घरी पोचवायला गेले. ती छपराखाली आईच्या खांद्याला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, सूज गेल्यावर अगदी पोरसवदा दिसत होती. नाववाला हँडलशी वाकला होता, इंजिन अजून लागलं नव्हतं.

"आपने देखा था उसे?" तिनं मला विचारलं.

"हाँ. देखा था."

"लड़की थी?"

"लड़की थी."

"किस पर गई थी?"

मी तिच्याकडे पाहिलं. बाळ मी खरंच पाहिलं होतं, कपड्यात गुंडाळायच्या आधी. रुंद कपाळ होतं आणि भुवया जुळलेल्या. "तुम पर," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू तिला तेच वाटत होतं. मग ती आणखी काही बोलू लागली. तेवढ्यात इंजिन लागलं आणि त्या धडधडीत मला एक शब्द ऐकू येईना. मी नाववाल्याला थांब म्हणून हात केला, पण तो पुढे पाण्याकडे बघत होता. ती बोलत राहिली. मी तिच्याजवळ सरकले आणि काठ येईपर्यंत तिच्या ओठांकडे बघत बसले.